एकाच बांधीतले बेडूक

रोवणी आटोपली की केशोरीच्या शिवारात संध्याकाळपासून बेडकांचा आवाज सुरू होतो. लांबून तो एकच गोंगाट वाटतो, पण त्यात अनेक जातींचे बेडूक असतात. वर्गातली मुलं विचारतात, "सर, एवढे सगळे एकाच बांधीत काय खातात? भांडत नाहीत का?"

उत्तर त्यांच्या तोंडाच्या मापात आणि बसण्याच्या जागेत आहे.

सगळ्यात मोठा तो हिरवट बेडूक. पहिल्या पावसात याचाच नर पिवळाधमक होतो. तो फार हिंडत नाही. पाळीजवळ दबा धरून बसतो आणि तोंडात मावेल ते गिळतो: टोळ, खेकडे, उंदराची पिल्लं, कधी लहान बेडूकसुद्धा. बोडीच्या पाण्यावर फक्त डोळे वर ठेवून तरंगणारा बेडूक वेगळा. जवळ गेलं की तो पाण्यावरूनच टणाटण उड्या मारत पळतो. पाण्यातले आणि पाण्यावर पडलेले किडे हे त्याचं खाणं. पाळीच्या गवतातले छोटे तपकिरी बेडूक नाकतोडे, तुडतुडे, लहान अळ्या टिपतात. अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, चिमुकल्या तोंडाचा एक बेडूक असतो. त्याचं मुंग्या आणि वाळवीवर भागतं. भिंतीला चिकटणारा झाडबेडूक पतंग पकडतो, तर अंगणातल्या दिव्याखाली खरखरीत पाठीचा भेक भुंगेरे वेचत फिरतो.

त्यांच्या पिल्लांचंही तसंच. मोठ्या बेडकाची पिल्लं दुसऱ्यांची पिल्लं आणि डासांच्या अळ्या खातात. चिमुकल्या बेडकाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात.

बहुतेक बेडकांची जीभ पुढच्या बाजूने जबड्याला जोडलेली असते, म्हणून ती झटकन बाहेर फेकता येते. गिळताना बेडूक डोळे मिटतो, तेव्हा डोळे आत दबून घास घशाकडे ढकलतात. मुलांना हे सांगितलं की ती स्वतःच बघायला धावतात.

पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे निघतात, त्या रात्री मात्र सगळे एकाच दस्तरखानावर बसतात. खाणं मुबलक असलं की वाटणीची गरज पडत नाही. ते कमी झालं की ज्याची त्याची जागा आणि ज्याचा त्याचा घास कामी येतो. म्हणून बांधीत एकाच जातीचे बेडूक असून भागत नाही. खेकड्याला एक लागतो, तुडतुड्याला दुसरा.

हे एकदा आपल्या देशाने अनुभवलं आहे. बेडकांचे पाय परदेशी पाठवण्यासाठी मोठे बेडूक पोत्यांनी पकडले जात. मुंबईचे पक्षी-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी १९८५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या व्यापारावर सविस्तर लिहिलं. १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. आपल्याकडे तर बेडूक मारू नये ही शिकवण जुनीच आहे. औषधासाठी बेडूक वापरण्याबद्दल एका वैद्याने विचारलं, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बेडूक मारण्यास मनाई केली, अशी हदीस सुनन अबू दाऊदमध्ये आहे.

आज बेडकाला पोत्यापेक्षा फवारणीच्या पंपाची भीती जास्त आहे. त्याची कातडी पातळ असते आणि पाणी तो कातडीतूनच घेतो, त्यामुळे बांधीतलं विष थेट अंगात जातं. वाचला तरी त्याचं खाणं मेलेलं असतं. मग पुढची कीड येते, तेव्हा ती खाणारं कुणी उरत नाही आणि आपण पुन्हा दुकानात औषधाची बाटली मागतो.

म्हणून फवारणीआधी कृषी सहायकांना बांधी दाखवा. कीड खरंच नुकसानीच्या पातळीला पोचली आहे का, ते विचारा. पंप बोडीत धुऊ नका. पाळीवरचं थोडं गवत राहू द्या. आणि पहिल्या पावसात मुलं पिवळ्या बेडकामागे दगड घेऊन धावली, तर त्यांना थांबवून एवढंच सांगा, की हा आपल्या धानाचा राखणदार आहे.