शिखरावरून उतरायची घाई नक्की कुणाला असते?

क्रिकेटमुळे आपल्याकडे एक सल्ला सगळ्यांच्या तोंडी बसलाय. लोक 'का निवृत्त होतोस?' असं विचारतात तेव्हाच थांबावं, 'का थांबत नाहीस?' असं विचारायची वेळ येऊ देऊ नये. ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. मला मात्र हा सल्ला दिवसेंदिवस पटेनासा झालाय, आणि त्याला कारण आहे कोहेई उचिमुरा नावाचा एक जपानी जिम्नॅस्ट.

नाव नवीन असेल तर थोडी पार्श्वभूमी. पुरुषांच्या आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्समध्ये सहा प्रकार असतात: फ्लोअर, पॉमेल हॉर्स, रिंग्ज, व्हॉल्ट, पॅरलल बार्स आणि हाय बार. रिंग्जला खांद्यांची राक्षसी ताकद लागते, पॉमेल हॉर्सला लय आणि तोल, व्हॉल्टला पायांतला जोर. ऑल-अराउंड म्हणजे हे सहाही प्रकार एकाच दिवशी करायचे आणि गुणांची बेरीज करायची. 2006 पासून ते जुनं 'दहापैकी दहा' बंद झालं. आता कसरत किती अवघड आहे याचे वेगळे गुण मिळतात, आणि ती किती सफाईने केली याचे वेगळे, दहामधून वजा करत. साहजिकच अवघड करण्याचा मोह वाढला आणि सफाई मागे पडू लागली. उचिमुराचं वेगळेपण हेच, की त्याने दोन्ही सांभाळलं. त्याची लँडिंग पाहावी.. पाय जमिनीला खिळे ठोकल्यासारखे!

1989 साली कितक्युशूमध्ये जन्म. आई-वडील दोघेही जिम्नॅस्ट, नागासाकी प्रांतात त्यांचा स्वतःचा जिम्नॅस्टिक्स क्लब, त्यामुळे पोरगं तिथेच वाढलं. पंधराव्या वर्षी घर सोडून तोक्यो. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्सवरून पडूनही ऑल-अराउंडचं रौप्य. आणि मग 2009 ते 2016 या काळात सहा विश्व स्पर्धा आणि दोन ऑलिंपिक, आठही वेळा ऑल-अराउंड विजेता तोच. 2011 मध्ये तर तो दुसऱ्या क्रमांकापेक्षा 3.101 गुणांनी पुढे होता. या खेळात 0.1 साठी मारामारी असते हे लक्षात घ्या.

2016 चं रिओ हा कळस. (तिथे जाण्याआधी ब्राझीलमध्ये पोकेमॉन गो खेळून साहेबांनी 5 लाख येनचं रोमिंग बिल करून ठेवलं होतं, ते वेगळंच :)) पाच प्रकार झाले तेव्हा युक्रेनचा ओलेग वेर्नियायेव 0.901 ने पुढे होता. शेवटचा हाय बार. उचिमुराला 15.800, वेर्नियायेवला 14.800. सुवर्णपदक 0.099 ने.

आता सल्ल्यानुसार काय व्हायला हवं होतं? वय 27, ऑल-अराउंडची दोन ऑलिंपिक सुवर्णं, शिवाय सांघिक सुवर्णही त्याच रिओमध्ये. निवृत्तीला याहून चांगला मुहूर्त कुठला? पण गडी थांबला नाही. उलट त्याच वर्षाअखेरीस तो जपानचा पहिला व्यावसायिक जिम्नॅस्ट झाला.

पुढचं सगळं उतारावरचं. 2017 च्या मॉन्ट्रियल विश्व स्पर्धेत व्हॉल्टच्या लँडिंगला घोटा दुखावला आणि विजयांची मालिका तिथेच तुटली. 2018 ला दोहामध्ये हाय बारचं रौप्य. 2019 मध्ये खांद्यांनी दगा दिला, विश्व स्पर्धेसाठी जपानच्या संघातच जागा मिळाली नाही. 2020 मध्ये त्याने पाच प्रकार सोडून दिले आणि फक्त हाय बार धरला. सहा प्रकारांचा राजा एका दांड्यावर आला. 2021 मध्ये तोक्यो ऑलिंपिक, घरचं मैदान, पण कोविडमुळे प्रेक्षक नाहीत. पात्रता फेरीतच तो बारवरून खाली पडला. संपलं.

'रिओलाच थांबला असता तर!' असं तेव्हा अनेकांच्या मनात आलं असणार. माझा प्रश्न असा की, थांबला असता तर फायदा नक्की कुणाचा झाला असता? त्याची पदकं काही कमी झाली नाहीत. 0.099 चं अंतर तेवढंच राहिलं. बिघडलं ते फक्त आपल्या मनातलं चित्र. म्हणजे 'शिखरावर थांब' हा सल्ला खेळाडूच्या भल्याचा नसतोच. तो प्रेक्षकांच्या सोयीचा असतो. आपल्याला हिरो फ्रेममध्ये हवा असतो, म्हातारा होताना बघायचा नसतो.

दुसऱ्या बाजूने एक मुद्दा खरंच वजनदार आहे. ऑलिंपिकची जागा फुकट नसते. तोक्योची ती वैयक्तिक जागा उचिमुराला मिळाली तेव्हा व्हॉल्टचा खेळाडू हिदेनोबू योनेकुरा अगदी थोडक्यात मागे राहिला, आणि त्याच वर्षीच्या विश्व स्पर्धेत योनेकुराने व्हॉल्टचं रौप्य मिळवलं. हे वाचून वाईट वाटतंच. पण उचिमुराला ती जागा जुन्या पुण्याईवर कुणी बहाल केली नव्हती. निवड चाचणीत सगळ्यांसारखाच उतरून, गुण मिळवून त्याने ती घेतली. माझ्या मते रेषा इथे आखावी. नावावर जागा अडवणारा वेगळा, आणि दर वेळी परीक्षेला बसणारा वेगळा. पहिल्याला जरूर उठवा. दुसऱ्याला 'कधी थांबणार?' असं विचारायचा हक्क आपल्याला नाही.

हे लिहावंसं वाटलं कारण आपल्या आयटीतही हाच सल्ला दुसऱ्या वेषात फिरतो. पस्तिशीतला माणूस अजून कोड लिहिताना दिसला की 'अजून मॅनेजर नाही झाला?' असं हळूच विचारलं जातं. त्याला कोड लिहायला आवडतं आणि तो ते नीट लिहितो, हे उत्तर कुणाला पुरत नाही. करिअरचा आलेख सतत वर जायला हवा, नाहीतर वेळेवर बंद व्हायला हवा, असं आपण धरूनच चालतो. काम आवडतं म्हणून खालच्या पायरीवर राहून करत राहणं, हा पर्यायच आपल्या डोक्यात नसतो.

उचिमुराने तो पर्याय निवडला. तोक्योत पडल्यावर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्याच्या जन्मगावी कितक्युशूला विश्व स्पर्धा होती. हाय बारच्या अंतिम फेरीत तो सहावा आला. पदक नाही, पण लँडिंग पुन्हा तशीच, खिळे ठोकल्यासारखी. जानेवारी 2022 मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि मार्चमध्ये तोक्योत निरोपाच्या कार्यक्रमात सहाही प्रकार करून दाखवले. गुणांसाठी नाही, पदकासाठी तर नाहीच. दुखऱ्या खांद्यांनी, वयाच्या 33 व्या वर्षी.

रिओला थांबला असता तर तो अजिंक्य म्हणून गेला असता. आता तो जिम्नॅस्ट म्हणून गेला. मला विचाराल तर दुसरं बिरुद मोठं आहे.