बिअरचा नळ लावण्याआधी नळामागचा पाइप बघा



मीरा रोड, भाईंदर, काशिमीरा पट्ट्यात हॉटेल-बारच्या धंद्यात उतरू बघणाऱ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: "काउंटरवर ड्राफ्ट बिअरचा नळ लावला तर गिऱ्हाईक वाढेल का?"

माझं स्पष्ट मत सांगतो. थंडावा आणि साफसफाई यासाठी दर महिन्याला वेगळे पैसे काढणार असाल तरच नळ लावा. नाहीतर बाटली विका. बाटली फ्रीजमध्ये पडून राहते, पण फेस होऊन मोरीत जात नाही.

आधी सिस्टम समजून घेऊ. बिअर येते स्टीलच्या बंद पिंपात, त्याला केग म्हणतात. साधारण ३० किंवा ५० लिटरचा. केगच्या तोंडावर कपलर बसतो. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमधून कपलरवाटे आत जातो आणि बिअरला वरून दाबतो. मग तळापासूनची बिअर केगमधल्या उभ्या नळीतून वर चढते आणि पाइप, कूलर असं करत नळाला येते. म्हणजे बिअर ढकलायचं काम गॅसचा दाब करतो.

सोप्पं वाटतं ना? खरी गोम तापमानात आहे. बिअर ३-४ अंशांवर असेल तर गॅस तिच्यात विरघळून राहतो. मे महिन्यातल्या दुपारी केग स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ठेवला, किंवा लाइट गेली आणि कूलर बंद पडला, की तो गॅस सुटतो. नळातून निम्मा फेस येतो. मग पोरगा घाबरून दाब कमी करतो. त्याने पाइपमध्येच गॅस सुटायला लागतो, फेस आणखी वाढतो, वर बिअर मिळमिळीत होते.

आता हिशोब करा. ३० लिटरच्या केगमधून ३३० मिलिचे ९० ग्लास निघतात. १५ टक्के बिअर फेसात गेली तर ७७. म्हणजे १३ ग्लास गेले. समजा ग्लास २०० रुपयांना विकता, तर एका केगमागे २,६०० रुपयांची विक्री गेली. आठवड्याला पाच केग लागत असतील तर १३,००० रुपये! भाडं महाग म्हणून रडायच्या आधी हा आकडा बघा.

दुसरी गोष्ट, लाइन. पाइपच्या आत यीस्ट आणि बॅक्टेरियाचा थर बसतो, बिअर आंबट लागते. दर दोन आठवड्यांनी लाइन कॉस्टिकच्या द्रावणाने धुवायची आणि नंतर साध्या पाण्याने पूर्ण खंगाळायची. त्यात कंजुषी नको. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, बिल देतं आणि परत येत नाही. आणि सिलिंडर कोंदट खोलीत ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो आणि माणूस गुदमरू शकतो.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे ताज्या बिअरची हवा झाली. पण मायक्रोब्रुअरीत बिअर तिथेच बनते आणि टाकीजवळच विकली जाते. तुमचा केग घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तापून येणार. तो आल्या आल्या जोडू नका, कोल्डरूममध्ये एक अख्खा दिवस गार होऊ द्या.

आणि ज्यांच्याकडे परमिट रूमच्या लायसन्सएवढं भांडवल नाही, त्यांनी याच पाइपकडे धंदा म्हणून बघा. लाइन धुणं, वॉशर बदलणं, गळती तपासणं हे कुणाला तरी दर पंधरा दिवसांनी करावंच लागतं. आधी एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली काम शिका. सोडा फाउंटनलाही हेच गणित लागू पडतं: गॅस, थंडावा, स्वच्छ पाइप. बार काढण्यापेक्षा पाच बारची लाइन सांभाळणं कमी जोखमीचं आहे, आणि पैसे दर महिन्याला येतात.

नळ चकचकीत आहे म्हणून पैसे घालू नका. धंदा पाइपमध्ये आहे.