अकरा महिन्यांनंतर काय?

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील मेडशी हे अकोला-वाशीम रस्त्यावरचे गाव. इथल्या पदवीधराला दोन्हीकडची बस मिळते. पहिली नोकरी मात्र अडते ती ‘अनुभव आवश्यक’ या दोन शब्दांवर. तो अनुभव मिळावा म्हणून राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला दरमहा १० हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, बारावी उत्तीर्णाला ६ हजार रुपये विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने, २०२५ मध्ये ती अकरा झाली.

हेतू चांगलाच होता. पण वाशीम हा आकांक्षित जिल्हा, म्हणजे सरकारी भाषेत मागास. खासगी आस्थापना इथे मोजक्याच. मग उरतात शाळा, ग्रामपंचायती आणि सरकारी कचेऱ्या. तिथे आवक-जावक नोंदवही सांभाळून कोणत्या कंपनीचे दार उघडणार? सरकारी भरतीचा रस्ता तर परीक्षेतूनच जातो. मुदत संपल्यावर ‘कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले, यात नवल ते काय? कायम करण्याचे वचन योजनेत नव्हते, हेही खरे.

मुदतवाढीने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. त्यापेक्षा मेडशीच्या मुलाला अकोल्याच्या एमआयडीसीत, एखाद्या डाळ मिलच्या हिशेब विभागात पाठवा आणि खोलीभाड्यापुरता वेगळा भत्ता द्या. दहा हजारांत खोली, मेस आणि प्रवास भागवून घरी काय पाठवायचे, हे मंत्रालयाने एकदा मांडून पाहावे. किती प्रशिक्षणार्थी पुढे नोकरीला लागले, तो आकडाही जिल्हावार जाहीर करावा.