विद्याशाखेची निवड आणि अंतराचे अर्थशास्त्र

बारावीचा निकाल लागला की कला, वाणिज्य की विज्ञान, हा प्रश्न घरोघर चर्चिला जातो. वास्तविक तो दोन वर्षांपूर्वीच बव्हंशी सुटलेला असतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला पुढे कला शाखेत जाता येते; उलट वाट मात्र बंद असते.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखांची फेरमांडणी करून चार विद्याशाखा केल्या. त्यांत एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाची आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाला अन्य शाखेच्या विषयाची जोड देऊ केली. परंतु तेरणा साखर कारखान्यामुळे परिचित असलेल्या ढोकीसारख्या गावातील मुलीच्या बाबतीत हे स्वातंत्र्य एसटीने रोज जाऊन येण्याजोग्या महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या विषयांपुरतेच उरते. शुल्क हा शिक्षणाच्या किमतीचा एक भाग झाला. परगावी खोलीचे भाडे, खाणावळ आणि घरच्या कामाला अंतरलेले दोन हात, हाही खर्चच होय. तो न पेलणारे कुटुंब शाखा निवडत नाही, अंतर निवडते.

म्हणून निवडीचे मार्गदर्शन दहावीच्या वर्गातच व्हावयास हवे. त्याच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी वसतिगृहे आणि शेजारच्या महाविद्यालयांनी वाटून घेतलेले विषय हवेत. एरवी धोरणातील बहुविधता कागदावरच राहील.