यादी झाली, कौले कोण चाळणार?

पुण्याच्या कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतून हिंडणाऱ्यास अजूनही एखादा दिंडी दरवाजा लागतो. आत काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब, चौक, ओसरी, माजघर. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठचे असंख्य वाडे एका दिवसात गेले. उरलेले एकेक करून इमारतींना जागा देत आले. जे आज उभे आहेत, त्यांतील काही महापालिकेच्या वारसा यादीत आहेत.

यादीत येणे म्हणजे वाडा पाडू नये, दर्शनी भाग परवानगीवाचून बदलू नये. हे बंधन योग्यच आहे. प्रश्न असा की, समाजाच्या ठेव्याचे रक्षण करण्याचा सारा खर्च एका कुटुंबाने का सोसावा? आणि हे कुटुंब बहुधा श्रीमंत नसते. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पण मुळात काही रुपयांच्या भाड्यावर चार टक्के म्हणजे किती? त्यात वारस पाच ठिकाणी विखुरलेले. वाड्यात राहणारा भाडेकरू दुरुस्तीसाठी मालकाकडे बोट दाखवतो, मालक भाड्याच्या पावतीकडे.

वाडा मरतो तो छपरापासून. कौले दरवर्षी पावसाळ्याआधी चाळावी लागतात. ते काम दोन-तीन वर्षे राहिले की पाणी भिंतीत शिरते आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजू लागते. ते बाहेरून दिसत नाही. मग कोणीतरी स्वस्तातला उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा करतो. चुन्याच्या भिंतीतील ओल त्यामुळे आतच कोंडते आणि लाकूड अधिक वेगाने जाते. पुढे ‘धोकादायक’ अशी नोटीस लागते. ज्या वाड्याला वेळीच थोडा पैसा पुरला असता, तो अशा रीतीने पाडण्यायोग्य ठरतो. आत राहणारी माणसे तोवर जीव मुठीत धरून झोपतात.

खाजगी घरावर सार्वजनिक पैसा कसा खर्चावा, असा आक्षेप येतो. महाराष्ट्राने त्याचे उत्तर १९६९मध्येच दिले आहे. त्या वर्षीच्या कायद्याने मुंबई बेटावरील जुन्या खाजगी इमारतींवर उपकर बसवला आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी मंडळ नेमले. हेतू जीवितरक्षणाचा होता, वारशाचा नव्हे. पण तत्त्व मान्य झाले. ब्रिटनने १९६७च्या कायद्याने संपूर्ण वस्तीला संरक्षण देण्याची सोय केली. स्टॅमफर्ड हे त्याखाली आलेले पहिले गाव. १९९८ पासून तेथे अशा वस्त्यांतील खाजगी इमारतींच्या दुरुस्तीलाही अनुदाने मिळाली. पैसा लॉटरीचा होता. हा मार्ग आपल्याला रुचणार नाही आणि त्याची गरजही नाही.

केंद्राने २०१५मध्ये ‘हृदय’ योजना आणली. बारा शहरे, पाचशे कोटी रुपये. यादीत अमरावती होती, पण आंध्रातील. महाराष्ट्राचे एकही शहर नव्हते. भर होता तो वारसास्थळांभोवतीच्या नागरी सुविधांवर. २०१९मध्ये योजना संपली. मुंबईच्या १९९५च्या वारसा नियमावलीतील हस्तांतरणीय विकासहक्काचे साधन उपयुक्त आहे, तथापि ते बाजाराच्या लहरीवर चालते. छप्पर गळते तेव्हा बाजार तेजीतच असेल, असे नाही.

म्हणून महापालिकांनी नव्या बांधकामांकडून मिळणाऱ्या विकास शुल्काचा ठरावीक हिस्सा वाड्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला काढावा. जुने शहर पाडून नवे उभे राहते, तर नव्याने जुन्याचा थोडा भार उचलण्यात अन्याय कोणता? अनुदान खर्चाच्या काही हिश्शापुरते असावे, उरलेला मालक व भाडेकरूंनी घालावा. काम चुन्यात आणि लाकडातच व्हावे, आणि ते जाणणारा गवंडी व सुतार नेमावा. ही माणसेही आता थोडीच उरली आहेत. ठरावीक वर्षांच्या आत वाडा विकल्यास रक्कम परत घ्यावी. प्राधान्य छपराला, मग तुळयांना. महिरपी आणि रंगरंगोटी शेवटी. मंजुरी मात्र फेब्रुवारीपूर्वी मिळाली पाहिजे, म्हणजे कौलांचे काम मेअखेर उरकेल.