पाठीवर साहेब नकोत

आमच्या घरची मुले संगणकावर ‘टेबलटॉप सिम्युलेटर’मध्ये स्वतःचे पत्ते करीत होती. आडव्या १०, उभ्या ७ चौकटींचे एकच मोठे चित्र आखायचे, पाठीला वेगळे. पाठीवर त्यांनी बाबासाहेबांचा फोटो घातला. आजी कडाडली, “पिसायच्या, आपटायच्या पत्त्यावर साहेब?” आम्हालाही पटले. पाठ साधी निळी ठेवली. पुढे महाड, काळाराम मंदिर, नागपूर. तारखा क्रमाने लावायच्या. टेबलाभोवती दीक्षाभूमीचे चित्र शोभले. तेच पत्त्यांवरही हवे, हा धाकटीचा हट्ट. पण त्यावर अक्षरे वाचेनात (आजीला तर मुळीच नाही), म्हणून पार फिकट केले.

पहिल्याच डावात येवल्याची घोषणा आम्ही १९३०च्या काळाराम सत्याग्रहाआधी लावली. १९३५ची ती! धाकटीने पत्ता परत दिला.