मे महिना, पुणे ते बीड, दुचाकीवर

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की आमच्या जिल्ह्याच्या रस्त्यांवर दुचाक्यांची रीघ लागते. सांगली-कोल्हापूरकडून, कर्नाटकातून ऊसतोडीचे कोयते गावाकडं परततात. बोजा ट्रॅक्टरवर असतो आणि कितीतरी जोडपी लेकरासह मोटारसायकलवर. त्यांच्या पाठोपाठ लग्नाच्या तिथी सुरू होतात. मग चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कंपन्यांतली पोरं सुट्टी टाकून निघतात, पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी निघतात. बीडला नगर नाक्यापाशी माझं दुचाकीचं गॅरेज आहे. एप्रिल-मेमध्ये माझ्या दारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांत लांबून आलेल्याच जास्त असतात आणि त्या बहुतेक दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान येतात. त्या वेळेबद्दलच मला बोलायचं आहे.

लडाखला निघालेल्या पोराला गाव गोळा होऊन सल्ला देतं. मे महिन्यात पुण्याहून केजला, धारूरला, परळीला दुचाकीवर निघालेल्याला कुणी काही सांगत नाही, कारण गावाकडं जाणं हा कुणाला मोठा प्रवास वाटतच नाही. पुणे ते बीड अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं. शिरूर, सुपा, नगर, पुढं कडा, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा. नगर सोडल्यावर सावली विरळ होत जाते आणि पारा चाळिशीच्या पुढं सरकत जातो. आमच्याकडं मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस अंश ही काही बातमी नसते. एवढ्या उन्हात सहा-सात तास उघड्यावर बसून जाणं हे शरीराला मोठं काम आहे. ते तयारीनंच केलं पाहिजे आणि माझ्या मते त्या तयारीत निघायची वेळ पहिली. गाडी तिच्यानंतर येते, मी गॅरेजवाला असूनही हेच म्हणेन.

गाडीवर वारा लागतो म्हणून ऊन जाणवत नाही, असं पोरं सांगतात. खरा धोका तिथंच आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण पस्तीस अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा बेचाळीसची झाली की तोच वारा उष्णता अंगात घालतो. मग गारवा राहतो तो फक्त घामाच्या वाळण्याचा. आणि आमची हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या उडून जातो. शर्ट भिजत नाही, त्यामुळं किती पाणी गेलं हे कळतच नाही. तासाला अर्धा-एक लिटर पाणी सहज जातं. म्हणून अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट हा उन्हाळी प्रवासाचा कपडा नव्हे. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, हातमोजे, बूट, मानेवर ओलं उपरणं किंवा दस्ती, आणि पूर्ण तोंड झाकणारं आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घ्यावं. हेल्मेटमध्ये उकडतं हे खरं, पण काच खाली असली की तोंडावरची झळ अडते. डोळे कोरडे पडत नाहीत आणि डोकं तर वाचतंच. २०२२ साली देशात रस्त्यांवर एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. उन्हानं गुंगी आलेला माणूस झाडावर आदळला तर त्याची नोंद अपघात म्हणून होते, उष्माघात म्हणून होत नाही. माझ्या मते त्या आकड्यात उन्हाचा वाटा लपलेला आहे.

तर वेळ. पुण्याहून पहाटे चारला निघालं तर उजाडता उजाडता सुपा मागं पडतं, सातच्या आत नगर येतं आणि साडेदहा-अकराला बीड. पुढं परळी-अंबाजोगाईला जायचं असेल तर बीडला किंवा मांजरसुंब्याला थांबावं, जेवावं, सावलीत आडवं व्हावं आणि पाचनंतर पुढं निघावं. ‘मग रात्रीच का निघू नये?’ असं मला नेहमी विचारतात. रात्र थंड असते, पण रात्री उसाच्या ट्रॉल्या, बंद पडलेले ट्रक बिनदिव्याचे, बिनरिफ्लेक्टरचे रस्त्यात उभे असतात. दुसऱ्या पाळीची ड्यूटी करून रात्री बाराला थेट गाडीवर बसलेल्या पोराला आष्टीच्या पुढं डुलकी लागते. रात्री नऊला झोपून पहाटे निघणारा आणि रात्रभर जागून निघणारा, यांत फार अंतर आहे. त्यासाठी सुट्टी आदल्या दिवशीच्या दुपारपासून हवी. कंपन्यांच्या सुपरवायझर मंडळींना माझं सांगणं आहे की मराठवाड्यातल्या पोराला मे महिन्यात सुट्टी द्याल तेव्हा अर्धा दिवस आधी सोडा. तो अर्धा दिवस त्याच्या झोपेचा असतो.

आता गाडी. उन्हाळ्यात सगळ्यात आधी दगा देतो तो टायर. मागच्या टायरला बोट लावून बघा, नक्षी उरली आहे की गोटा झाला आहे. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१८ असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी दिसत असली तरी असा जुना रबर कडक झालेला असतो, कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात आणि तापलेल्या डांबरावर डबल सीट, वर पोत्याचं ओझं घेऊन तो कधीही फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची आणि कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवायची. ‘उन्हात हवा फुगते, म्हणून कमी ठेवा’ असा सल्ला गावोगावी दिला जातो. तो घातक आहे. हवा कमी असली की टायर दबतो, दर फेऱ्याला वाकतो आणि त्या वाकण्यानंच जास्त तापतो. रस्त्यात टायर गरम असताना हवा सोडून देणंही चुकीचंच. डबल सीट असाल तर मागच्या टायरला जास्त हवा लागते, तो आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. बहुतेकांनी तो कधी वाचलेला नसतो.

ऑइलची पातळी बघा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीत एक लिटरच्या आसपासच ऑइल असतं. त्यातलं दोनशे मिली कमी झालं तरी मेच्या उन्हात, पाली-मांजरसुंब्याच्या घाटात इंजिनावर ताण येतो. चेन धुऊन, ऑइल देऊन, ताण बघून घ्या. क्लचची केबल तुटायला आली असेल तर दोनशे रुपयांच्या आत नवी पडते, जामखेडच्या अलीकडं माळावर तुटली तर दिवस जातो. तासाभरानं दहा मिनिटं थांबा, ते इंजिनापेक्षा तुमच्यासाठी गरजेचं आहे. गाडी लावताना साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा, पघळलेल्या डांबरात स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते.

टाकीबद्दल दरवर्षी मेमध्ये एक संदेश फिरतो: टाकी फुल्ल करू नका, स्फोट होईल. खाली इंडियन ऑइलचं नाव असतं. त्या कंपनीनं हे खोटं असल्याचा खुलासा अनेकदा केला आहे. गाडी बनवणाऱ्यानं आखून दिलेल्या पातळीपर्यंत पेट्रोल भरायला काहीच हरकत नाही. तोंडापर्यंत काठोकाठ भरू नये इतकंच. या संदेशामुळं लोक अर्ध्या टाकीवर निघतात आणि भर उन्हात गाडी ढकलताना दिसतात. खिशातल्या कांद्याचंही तसंच. कांदा भाकरीबरोबर खावा, खिशात ठेवून ऊन लागायचं थांबत नाही.

ऊन थांबवतं ते पाणी आणि मीठ. नुसतं पाणी ढोसून भागत नाही, घामातून मीठही जातं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. ही जलसंजीवनी घरी दोन मिनिटांत होते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी अशाच द्रावणानं हजारो जीव वाचवले. आपल्याला ती रस्त्यावर वाचवते. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं तर आपलंच आहे. तहान लागायची वाट बघू नका, दर थांब्याला प्या. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पाणी कमी पडलं म्हणून समजा. रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मला सगळ्यात जास्त काळजी लेकरांची वाटते. मेच्या दुपारी गॅरेजसमोर थांबलेल्या गाडीच्या टाकीवर लेकरू बसलेलं असतं. पुढून येणारी झळ बापाच्या आधी त्याच्या छातीवर येते, टाकीचा पत्रा मांड्यांना चटके देतो, तोंड लाल झालेलं आणि ओठ पांढरे. आई मागून हात लांबवून पदरानं त्याचं डोकं झाकत असते आणि वारा तो पदर पुन्हा पुन्हा उडवत असतो. लेकरू रडत नसतं, आणि न रडणारं लेकरूच जास्त त्रासलेलं असतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि बांधून ठेवणारा पट्टा हवा, वेग चाळिसाच्या वर नको, असा केंद्राचा नियम आहे. तो आमच्या रस्त्यांवर कुणी पाळताना दिसत नाही. त्याहून सोपा मार्ग आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बायको-लेकरांना एसटीनं पाठवा आणि गाडी तुम्ही एकटे आणा. १७ सप्टेंबर २०२५ ला, तीन दशकांची वाट पाहून, अहिल्यानगरहून बीडला रेल्वेही आली. सोयीची वेळ असेल तर तिचाही विचार करा. गावात गेल्यावर हिंडायला गाडी लागते हे मला कळतं, पण ती आणायला अख्खं घर उन्हात कशाला?

रस्त्यात कुणी चक्कर येऊन पडला, बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, हेल्मेट-बूट काढा, कपडे पाण्यानं भिजवून वारा घाला, मान आणि काखेत गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका, १०८ ला फोन करा. पारा चव्वेचाळीसला गेल्यावरच माणूस दगावतो असं नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषणच्या कार्यक्रमात उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जण गेले, तिथं पारा चाळिशीच्या खालीच होता.

पण सगळी तयारी दुचाकीवाल्यानंच करायची हेही मला मान्य नाही. सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाला, गेवराईला जायला वेळ वाचतो, चांगलं झालं. पण रुंदीकरणात कडेचे जुने वड आणि लिंब गेले. दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लागली, तिच्या सावलीत कोण उभं राहणार? महामार्गाच्या खर्चातला एक टक्का झाडांसाठी राखायचा, असं केंद्राचं २०१५ चं धोरण सांगतं. २०२० च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईत वृक्ष संमेलन भरलं आणि वडाच्या झाडाला अध्यक्ष केलं गेलं. ज्या जिल्ह्यात झाडाला असा मान मिळाला, त्या जिल्ह्यात दर दहा किलोमीटरला रस्त्याच्या कडेला दहा लिंबांचा एक घोळका असावा, ही मागणी मोठी नाही. तोवर टोलनाक्यावर पत्र्याची शेड आणि पिण्याचं पाणी दुचाकीवाल्यांसाठीही असावं. पेट्रोल पंपांना तर हवा, पाणी आणि स्वच्छतागृह फुकट देणं बंधनकारकच आहे. ते मागायला लाजू नका, आणि मिळालं नाही तर तक्रार करा.

रस्त्याकडेच्या दुकानदारांना, हॉटेलवाल्यांना माझी विनंती आहे. दुपारी कुणी दुचाकीवाला ओट्यावर टेकला तर त्यानं काही घ्यावं म्हणून अडून बसू नका, त्याला पाणी विचारा. आणि प्रवाशांनो, बाराच्या पुढं बीडमध्ये असाल तर पुढं जाऊ नका. माझ्या पत्र्याखाली बाकडं आहे, रांजण भरलेला असतो. गाडीचं काही काम नसलं तरी पाचपर्यंत बसा.